भाषेच्या तासाला फोन

शाळेत जी जी यंत्रं आली, त्यांतलं माझ्या मराठीच्या तासाला एकच टिकलं : फोनमधली आवाज टिपायची सोय. प्रोजेक्टर आला आणि गेला. भिंतीवरचा टीव्ही अजून आहे, पण तो विज्ञान आणि भूगोल शिकवणाऱ्या सरांच्या जास्त कामाचा. टॅब कपाटात आहेत, त्यांतल्या निम्म्यांच्या बॅटऱ्या फुगल्या आहेत. नव्याने रुजू झालेले शिक्षक जेव्हा विचारतात, ‘मॅडम, भाषेच्या तासाला तंत्रज्ञान कसं वापरायचं?’ तेव्हा मी आधी हे सांगते आणि मग कुठे कुठे ठेच लागते ती ठिकाणं दाखवते.

आमची शाळा घाटंजी तालुक्यात, जिल्हा परिषदेची, उच्च प्राथमिक. गावातली मुलं वऱ्हाडी बोलतात, तांड्यावरची गोरमाटी आणि पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, पायी येणारी कोलामी. पुस्तक सगळ्यांच्या हातात एकच, बालभारतीचं. यवतमाळ जिल्ह्यात असे वर्ग पुष्कळ आहेत. पांढरकवड्याकडे गेलात तर गोंडी भेटते, वणी-झरीकडे तेलुगूचा शेजार लागतो. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की, यंत्र निवडायच्या आधी आपल्या वर्गात किती भाषा बसल्या आहेत ते पाहा. पुण्यामुंबईच्या शाळेत चाललेली युक्ती पोडावरच्या मुलासमोर चालेलच असं नाही, आणि त्यात त्या मुलाचा काही दोष नसतो.

२२ जून २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. त्या सुमाराला शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची शाळा संदीप गुंड या शिक्षकाने डिजिटल केल्याची गोष्ट राज्यभर पोचली होती. तिकडे धुळे जिल्ह्यात हर्षल विभांडिक यांच्या पुढाकाराने गावागावांतून लोकवर्गणी उभी राहत होती. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द तेव्हाचा. आमच्याही गावाने सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर वर्गणी केली आणि मोठा टीव्ही भिंतीवर लागला. ज्या गावात कापसाचा भाव पडला की मुलांच्या वह्या उशिरा येतात, त्या गावाने शाळेसाठी पैसे काढले याचं मोल मी कमी लेखत नाही. म्हणूनच त्या पैशाचं चीज झालं की नाही, हे मोकळेपणाने बोलायला हवं.

कवितेचं उदाहरण घेते. पुस्तकातल्या जवळपास प्रत्येक कवितेला चाल लावून कोणी ना कोणी चित्रफीत केलेली असते. ती टीव्हीवर लावली की वर्ग डोलतो, दोन दिवसांत सगळ्यांना पाठ होते, पाहुणे अधिकारी आले की मुलं एका सुरात म्हणून दाखवतात. पाहणारा खूश होतो. पण त्याच कवितेतलं तिसरं कडवं मध्येच विचारलं की पोरं पहिल्यापासून गुणगुणत तिथवर येतात. अर्थ विचारला की पडद्यावरचं चित्र सांगतात : ‘मॅडम, तिथं एक झाड हाये, मंग पक्षी उडते.’ कवितेत ते झाड नसतंच, चित्रफीत करणाऱ्याच्या डोक्यातलं असतं. ऐकताना जे चित्र मुलाने स्वतः मनात उभं करायचं, ते आयतं समोर आलं की त्याचं मन काम थांबवतं. भाषेच्या तासाला पडद्याची सगळ्यात मोठी अडचण ही. विज्ञानात हृदयाचे कप्पे पडद्यावर दिसणं फार मोलाचं असतं. कवितेतला पाऊस पडद्यावर पडला की मुलाचा स्वतःचा पाऊस थांबतो.

आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे फार कोणाचं लक्ष गेलं नाही. कवितेच्या चाली सगळीकडे सारख्या झाल्या. पूर्वी प्रत्येक गुरुजींची चाल वेगळी असे. आमच्या भागात खंजिरी भजनाची सवय मुलांच्या अंगात असते; तुकडोजी महाराजांचं मोझरी शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात, गावोगावी सामुदायिक प्रार्थना होते. त्या ठेक्यावर पाचवीतलं पोरगं कोणतीही कविता बसवून दाखवतं. चित्रफितीची चाल आली आणि हे बंद पडलं. आता आमच्याकडे क्रम उलटा आहे. आधी मी कविता दोनदा मोठ्याने वाचते. मग चार-पाच जणांचे गट आपापली चाल बांधतात, ती फोनवर टिपतो आणि सगळ्यात शेवटी, वाटलंच तर, तयार चित्रफीत ऐकतो. पडदा बंद, फक्त आवाज. मुलं मग स्वतःच म्हणतात की अमक्या ठिकाणी आपलीच चाल बरी होती. कवितेवर एवढी चर्चा प्रश्नोत्तरांच्या तासाला कधी झाली नाही.

विजेचं आणि रेंजचं रडगाणं मी गाणार नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. एवढंच सांगते की, ज्या तासाचा जीव इंटरनेटवर टांगलेला आहे तो तास आखूच नका. ‘दीक्षा’ ॲप २०१७मध्ये आलं, पुस्तकांत क्यूआर कोड आले, सोय चांगली झाली. पण कोड स्कॅन करून मग वाट बघत बसलेला वर्ग पाच मिनिटांत हातचा जातो. तालुक्याला गेलं की हवं ते उतरवून घ्यावं, पेन ड्राइव्हवर एक प्रत, फोनमध्ये एक प्रत, आणि फाइलला पाठाचं नाव द्यावं. आणि थेट जाळ्यावरून मुलांसमोर काहीही लावू नये : मध्येच जी जाहिरात उगवते, तिचं उत्तर सहावीच्या वर्गाला देत बसावं लागतं.

क्यूआर कोडचा विषय निघाला की सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांचं नाव येतंच. २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे सर्वश्रुत आहे. मला त्यांच्या कामातली वेगळीच बाजू महत्त्वाची वाटते. मुलाच्या हातात जे पुस्तक होतंच, त्याच्याच पानाला त्यांनी आवाज आणि चित्र जोडलं. वर्गात नवीन वस्तू आणून तिच्याभोवती मुलांना गोळा करण्यापेक्षा, असलेल्या पानातून वाट काढणं हे भाषेच्या शिक्षकाला जास्त जमण्यासारखं आहे.

टंकलेखनाबद्दल थोडं. आमच्या पिढीतले पुष्कळ शिक्षक जुन्या फाँटमध्ये प्रश्नपत्रिका टाइप करायला शिकले. ती फाइल केंद्रशाळेच्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसायचा आणि परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी धावपळ व्हायची. युनिकोड शिका, आणि जमल्यास इनस्क्रिप्ट कळफलक शिका; आठवड्याभराची चिडचिड आहे, पुढे आयुष्यभराची सोय. वऱ्हाडातल्या माणसाला तर हे शिकावंच लागतं, कारण आपल्या मुलखाचं नावच नीट उमटत नाही. साधा र आणि ह जोडला की र उडून हच्या डोक्यावर बसतो आणि ‘वर्हाड’ असं काहीतरी होतं. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून जे, मग डी, मग ह किंवा य, एवढं लक्षात ठेवलं की ‘वऱ्हाड’ येतं, ‘दुसऱ्या’ येतं, ‘तऱ्हा’ येते. मुलांना हे दाखवलं तर त्यांना भारी गंमत वाटते.

आता आवाजाकडे येते.

कोलाम मुलं वर्गात फार कमी बोलतात. आदिम जमातींच्या यादीत महाराष्ट्रातल्या तीन जमाती आहेत, कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. पण यादीत नाव असल्याने वर्गात तोंड उघडतं असं नाही. बोललं की बाकीची पोरं हसतात, कारण लिंग चुकतं. ‘मामा आला’ बरोबर येतं, मग ‘आई आलं’, ‘बैल आलं’, ‘पाऊस आलं’. कानावर एकेक वाक्य पडतं तेव्हा ते नुसतं चुकल्यासारखं वाटतं. पण एका मुलीने सांगितलेली दोन-तीन मिनिटांची गोष्ट फोनवर टिपली आणि घरी निवांत पुन्हा पुन्हा ऐकली, तेव्हा त्यात नियम दिसला. माणूस पुरुष असेल तर एक रूप. बाई, जनावर, वस्तू या सगळ्यांना दुसरं. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा आणि तिच्यात विभागणी नेमकी अशीच आहे. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने वर्धा भागातल्या कोलामीचा अभ्यास करून १९५५मध्ये ग्रंथ छापला, त्यात हे सविस्तर आहे. म्हणजे पोरगी चुकत नव्हती, आईच्या भाषेचं व्याकरण मराठीला लावत होती. हे कळल्यावर शिकवण्याची रीतच बदलते. लाल पेनाने प्रत्येक वाक्य कापण्याऐवजी ‘तुमच्यात दोन गट, मराठीत तीन’ असं एकदा फळ्यावर मांडता येतं, आणि गावातल्या मुलांनाही हसण्याऐवजी कुतूहल वाटतं. हे मला कोणत्याही प्रशिक्षणात मिळालं नव्हतं, ते फोनच्या रेकॉर्डरने दिलं.

टिपायची रीतही सांगते, कारण इथेच लोक कंटाळून सोडून देतात. पंखा बंद करा. पत्र्याच्या वर्गात पाऊस सुरू असेल तर नाद सोडा. फोन मुलाच्या तोंडासमोर धरू नका. टेबलावर वहीवर ठेवा आणि आपण त्याच्याकडे पाहत राहा, फोनकडे नाही. एक-दीड मिनिट पुष्कळ झालं. विषय ‘माझा आवडता सण’ असला द्यायचा नाही, त्यावर पाठ केलेलं येतं. ‘काल संध्याकाळी घरी काय झालं’ विचारा, किंवा ‘रानडुकराने वावरात काय केलं’. बोलून झालं की पहिल्यांदा ऐकण्याचा हक्क त्या मुलाचाच. पहिल्यांदा ऐकताना प्रत्येक पोर दचकतं. ‘मॅडम, हा माहा आवाज नोय!’ म्हणून एक मुलगा चक्क भांडला होता. त्या दिवशी काहीही दुरुस्त करू नका. दोन-तीन आठवड्यांनी तेच पुन्हा ऐकवा. मूल स्वतःच थांबवून म्हणतं, इथं मी घाई केली, इथं शब्द खाल्ला. दुसऱ्याने काढलेली चूक आणि स्वतःच्या कानाने पकडलेली चूक यांत फार फरक पडतो. प्रकटवाचनाचंही तसंच आहे. जून आणि डिसेंबरचं वाचन शेजारी शेजारी ठेवून पालकांना ऐकवलं, तर प्रगतिपुस्तकातली श्रेणी न कळणाऱ्या आजीलाही नात पुढे गेली ते कळतं.

घरातल्या म्हाताऱ्यांना टिपून आणायला सांगा. जात्यावरच्या ओव्या, म्हणी, पेरणीच्या गोष्टी. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी खेड्याखेड्यांतून जमवलेल्या ओव्यांचा संग्रह लाखाच्या वर आहे, आणि ग्रामीण भारतावरच्या ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी प्रत्यक्ष आवाजात ऐकता येतात. मुलांना त्यातल्या दोन ऐकवल्या की आपल्या आजीकडे काय आहे याचा अंदाज येतो. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन वैशाली येडे या इथल्याच शेतकरी कुटुंबातल्या एकल महिलेने केलं. ते भाषण मी दरवर्षी आठवीला ऐकवते. संमेलनाच्या मंचावरून आपल्या आईसारखा सूर ऐकू येतो, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

कोरोनाच्या काळात तर आवाजानेच तारलं. शाळा बंद पडल्या, जुलै २०२०मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांना तिचा खरोखर उपयोग झाला. पोडावर टीव्ही नव्हते. घरात एक फोन असायचा आणि तो बापासोबत कापसाच्या वावरात. त्या फोनवर व्हिडिओ उतरवायचा म्हणजे दिवसाचा डेटा संपायचा. आवाजी निरोप मात्र सहज जायचा. रोज रात्री जेवणाच्या वेळी गोष्टीचा छोटा तुकडा पाठवायचा, शेवटी एक प्रश्न. सकाळी मुलाच्या आवाजात उत्तर यायचं, मागे कोंबड्या, आईची हाक, सगळं त्यात. फेब्रुवारी २०२१मध्ये यवतमाळ, अमरावती, अकोल्यात पुन्हा निर्बंध आले, तेव्हा हाच रिवाज कामी आला. ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ला पुन्हा भरले, तेव्हा लिहिणं सगळ्यांचंच विसरलं होतं, पण रोज बोलणारी मुलं धीट राहिली होती.

सगळ्यात कडू अनुभव या आवाज टिपण्यातलाच आहे आणि तो सांगितल्याशिवाय वरचं सगळं सांगणं धोक्याचं ठरेल. पोडावरच्या एका मुलीची आवाजी गोष्ट पालकांच्या गटावर पोचली. कोणीतरी कौतुकानेच टाकली असेल. तिथून ती गावातल्या दुसऱ्या गटांवर गेली, तिच्या ‘आई आलं’वर हसण्याची चिन्हं पडली, पानठेल्यावर नक्कल झाली. त्यानंतर ती मुलगी वर्गात कितीतरी दिवस बोललीच नाही. पुढे बोलू लागली, पण फोन दिसला की अजूनही ओठ मिटते. म्हणून माझा नियम कडक आहे : मुलांचे आवाज एका वेगळ्या फोल्डरमध्ये किंवा कार्डावर, वर्गाबाहेर ऐकवायचे तर मुलाला आणि पालकांना विचारून, आणि गटावर कधीच नाही. वर्ष संपलं की मुलासमोर पुसून टाकायचे किंवा त्याच्या घरच्यांना द्यायचे. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं म्हटलं आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

इथे एक चिडका शेरा मारून घेते. वर्गात काय चाललं याचे फोटो पाठवा, लिंक भरा, उपस्थितीचा स्क्रीनशॉट टाका, हे इतकं वाढलं आहे की शिक्षकाचा फोन शिकवण्यापेक्षा पुरावे गोळा करायलाच जास्त राबतो. फोटोत पडद्यासमोर बसलेला वर्ग छान दिसतो. कान देऊन ऐकणारा वर्ग फोटोत नुसता बसलेला दिसतो. पडद्याचं महत्त्व वाढण्यामागे हेही एक कारण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोललेलं आपोआप लिहून देणाऱ्या सोयी आणि मुलांचं वाचन तपासणारी ॲपं यांच्याबद्दल नेहमी विचारणा होते. वापरा, पण कोणासाठी आहेत ते ओळखून. आमच्या मुलांनी ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’ म्हटलं की यंत्र कधी भलताच शब्द लिहितं, कधी गप्प बसतं. मुलाला वाटतं, आपलं बोलणं इतकं वाईट की मशीनलाही कळत नाही. अशा वेळी शिक्षकाने आधीच सांगून ठेवावं की या यंत्राला अजून आपली बोली शिकायची आहे. मग मुलं उलट त्याची परीक्षा घेतात, कोणता शब्द त्याला येत नाही त्याची यादी करतात, आणि बोली व प्रमाणभाषेचा पाठ आपोआप होऊन जातो. मात्र गोंगाटाच्या वर्गात आणि हळू आवाजाच्या मुलांना ॲपने दिलेले गुण नोंदवहीत चढवू नका.

कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेले निबंध आता सातवी-आठवीपर्यंत आले आहेत. ओळखायला वेळ लागत नाही. ‘माझे गाव’ असतं, पण त्यात गावाचं नाव नसतं, नदी निर्मळ वाहते आणि पक्षी किलबिलतात. आमच्या नाल्याला मार्चनंतर पाणी नसतं. मुलांवर ओरडून उपयोग नाही, कारण शिक्षकांच्या सराव प्रश्नपत्रिकाही तिथूनच येऊ लागल्या आहेत आणि त्यांत हिंदी वळणाचे, कोणी कधी न म्हटलेले वाक्प्रचार सापडतात. छापायच्या आधी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा. कानाला खटकली की कोशात पाहा, विश्वकोश आणि मोल्सवर्थचा कोश दोन्ही जाळ्यावर फुकट आहेत. निबंध हवा असेल तर आधी तोंडी घ्या. मुलाने बोललेलं टिपा, ते ऐकून त्यानेच लिहायचं. त्या निबंधात नाला कोरडाच राहतो.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पैशाचा विषय निघेल आणि कोणी अजून एका टीव्हीचं नाव काढेल. मराठी शिकवणाऱ्यांनी तेव्हा गप्प बसू नये. एक बरा स्पीकर, एक साधा मायक्रोफोन, दोन मेमरी कार्डं आणि दार लावता येईल अशी शांत खोली, एवढं मागून घ्या. टीव्हीपेक्षा फार कमी पैशांत होतं.